सुईणीचा हात

माझी आई सुईण होती. हे वाक्य आज मी जितक्या सरळ लिहिते आहे, तितक्या सरळ लहानपणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. शब्द एकच, पण तो कोण म्हणतंय यावर सगळं असायचं, आणि मी तर जन्माची संशयी. शब्द ऐकायच्या आधी म्हणणाऱ्याचं तोंड बघायची. वाडीतल्या बायका "सुईण इली गो" म्हणायच्या तेव्हा घरातली म्हातारी लगबगीने पाट मांडायला उठायची आणि खाटेवरची बाळंतीण तो शब्द ऐकूनच निम्मी बरी व्हायची. हायस्कूलमधल्या बाजारपेठेतल्या मुली तोच शब्द नाक आवळून म्हणायच्या, आणि मी डब्यातला लाडू पुढे केला की लाडवाआधी माझी बोटं बघायच्या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आईला समोर ‘दाईबाई’ म्हणत, गोड बोलत, पण एखाद्या पोराची बेंबी पिकली की त्यांच्याच तोंडून "कुठल्या सुईणीने हात लावला होता?" असं निघायचं. मग सुईण म्हणजे गुन्हेगार. आई स्वतः तो शब्द कधीच वापरत नसे. वाटेत कुणी "खंय चललंस गो?" विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "हात लावूक." आता माझ्या नातेवाइकांच्या घरी त्याच कामाला युनिफॉर्म घातलेली बाई येते, तिला ‘बेबी मसाज’ म्हणतात आणि तिची वेळ मोबाइलवर ठरवावी लागते. तिच्याकडेही मी आधी बघते ते तिच्या हातांकडेच.

त्या वेळी आमच्याकडची बाळंतपणं सरकारी दवाखान्यात होऊ लागली होती. त्यामुळे आईच्या वाट्याला उरलं होतं ते नंतरचं काम, सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, न्हाऊ घालणं, धुरी देणं. आमचं घर सुरूच्या बनाला पाठ करून उभं होतं. समुद्राची गाज इतकी सवयीची, की पाहुणे रात्रभर झोप नाही म्हणून तक्रार करायचे तेव्हा आम्हाला ती ऐकू यायची. माझ्या पाठीवरची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून घरात आम्ही तिघंच. बाबा वाडीतल्या तांडेलांच्या होडीवर खलाशी होते. ते बोलत कमी, आणि घरी असले की जाळं घेऊन बसत. स्वयंपाकघरात दर आठवड्याला नारळाचं दूध मंद आचेवर आटत असायचं. त्यातून निघणारं आवेल तेल आई स्वतः काढायची, बाजारचं तेल पोराच्या अंगाला लावणं तिला पटायचं नाही. तेल निघाल्यावर कढईच्या तळाशी तांबूस खरपूस कणी राहायची. ती गुळाबरोबर मला मिळे. त्या कणीसाठी मी अभ्यास सोडून चुलीजवळ बसायची, आणि आईने आपल्यासाठी वेगळी काढून ठेवली नाही ना, हेही तपासायची. ती हसायची. "माज्यार पाळत ठेवतंस काय गो?" म्हणायची.

तिचे हात अंगाच्या मानाने लहान होते. उजव्या अंगठ्याचं पेर जाड, नखं मुळापासून कापलेली. पोराला शिवायच्या आधी ती ते निखाऱ्यावर धरायची, एकमेकांवर घासायची, गालाला लावून बघायची आणि मगच हात घालायची. पाटावर पाय लांब करून बसायचं, पोराला नडग्यांवर घ्यायचं, छातीपासून बेंबीपर्यंत, खांद्यापासून बोटांपर्यंत तेल जिरवायचं. पाणी घातल्यावर टाळूवर पुन्हा तेल. ओवा नि वावडिंगाची धुरी. आणि सगळ्यात शेवटी बांधणं. मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पसरून त्यावर पोराला निजवायचं, दोन्ही पाय सरळ ओढायचे, गुडघ्याला गुडघा नि घोट्याला घोटा जुळवायचा आणि घट्ट गुंडाळायचं. पाय सरळ वाढावेत म्हणून आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक पोराला असंच बांधत. मलाही बांधलं होतं. घरातली म्हातारी शेवटी त्या गुंडाळ्यात बोट घालून बघायची. बोट सहज शिरलं तर सुईण कच्ची.

तांडेलांची सून रेखावहिनी बाळंत झाली तेव्हा मी आठवीत होते. मुलगी झाली. घरातलं पहिलं नातवंड. तांडेलकाकी, म्हणजे रेखावहिनीची सासू, त्या घरची खरी मालकीण. होड्या समुद्रात जायच्या तांडेलांच्या, पण त्या कधी जायच्या ते काकी ठरवायची. सुट्टी होती, म्हणून मी आईबरोबर जायची. मदतीला वगैरे नाही, काकी घावणे नि नारळाचा रस द्यायची म्हणून. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून मी खायची आणि समोर आईचं काम चालायचं.

आठवा दिवस असेल. काकी निखारे आणायला गेली होती. रेखावहिनी धुरीवर केस पसरून डोळे मिटून पडली होती. आईने पोरीचा डावा पाय गुडघ्यात दुमडला, पोटाकडे नेला, बाहेर वळवला, आणि आवाज आला. बोट मोडल्यासारखा, त्याहूनही बारीक. माझ्या तोंडात घास होता, तरी मला ऐकू आला. आईचा हात थांबला. तिने पाय परत तसाच वळवला. परत आवाज. पोर रडली नाही, उलट आईकडे बघत होती. आईने मात्र माझ्याकडे बघितलं.

"काय वाजलां गो आये?"

"काय नाय. तू घावणे खा."

मग तिने त्या दिवशी लुगड्याची एक घडी जास्त घेतली आणि पोरीला रोजच्यापेक्षा आवळून बांधलं. काकीने बोट घालून बघितलं. बोट शिरलं नाही, काकी खूश झाली.

घरी येताना पुळणीवरून चालताना आई म्हणाली, "शालू, आज जा काय आयकलंस, ता खंय बोला नको."

"कित्याक?"

"बारश्याच्या आदी पोराच्या आंगात खोट काढली तर आवशीचां दूध आटता म्हणतत. आणि खोट जो काढता, त्येचोच हात लागलो म्हणतत." थोडं पुढे गेल्यावर तिने स्वतःशीच बोलल्यासारखं जोडलं, "आवळून बांधलां की सांदो बसतलो. बसता तो."

आमच्याकडे ही रीतच होती. बारसं होईपर्यंत पोराच्या अंगावरचा डागसुद्धा कुणी बोलून दाखवत नसे. सुईणीने तर नाहीच. बारसं झालं, पोरीचं नाव रूपा ठेवलं, पहिल्या ओळीत बसवून आईची ओटी भरली, आणि आई बोलली नाही. सव्वा महिना संपला, तरी बोलली नाही. मी वाट बघत होते. मग मीही विसरले, निदान विसरल्यासारखी राहिले.

रूपा उशिरा चालायला लागली. चालताना डाव्या अंगाला झोल जायचा. काकी आधी हसायची. "तांडेलाची नात ती, होडीर चलल्यासारी चलता!" सगळी वाडी हसली. मी पण हसले, पण आई हसली नाही हे मी बघून ठेवलं. काही महिन्यांनी हसणं थांबलं. तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की खुब्याचा सांधा जागेवर नाही, आणि विचारलं की लहानपणी कुणी पाय ओढले-बिढले होते का. एवढंच त्यांनी विचारलं, असं रेखावहिनीने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण ती माणसं गाडीतून उतरायच्या आधीच आमच्या वाडीत बातमी झाली होती, "सुईणीन पोराचो पाय उखळल्यान."

त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर आल्यासारखे आठवतात. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. आधी तांडेलांच्या घरून येणारी मासळी बंद झाली. मग बाबांना निरोप आला, "चार दिस रव घराक, दुसरो माणूस मिळालोहा." जिथे आई जात होती त्या घरातली म्हातारी एके दिवशी दारातच म्हणाली, "आज नको गो, पोरग्याक सर्दी झालीहा." पोरगा आत खिदळत होता. वाटेने आई निघाली की अंगणातल्या बायका पोरांवर पदर ओढायच्या. सुईण हा शब्द आता हळू आवाजात म्हटला जाऊ लागला, आणि आम्ही जवळ आलो की थांबायचा. कुणीतरी माझ्या मेलेल्या भावंडांची आठवण काढली. "तिची सोताची दोन रवली नाय, ती दुसऱ्याची काय रवूक देतली!" हे मला शाळेतल्या एका मुलीने सांगितलं, तिच्या आजीच्या तोंडचं म्हणून. मी तिची वही फाडली. गुरुजींनी मला छड्या मारून वर्गाबाहेर उभं केलं, आणि मी रडले ते मारामुळे नव्हे.

मी रडले, कारण तो आवाज मला ठाऊक होता. वाडीला नुसता संशय होता. माझ्याकडे पुरावा होता. आईने पाय वळवला तेव्हा तो वाजला, हे मी कानांनी ऐकलं होतं. आधी सांधा निसटला होता आणि म्हणून वाजला, की तिने वळवला म्हणून निसटला? पंधरा वर्षांची मी, रोज त्यावर डोकं फोडायची. आई भाकरी थापायला बसली की मी तिचे हात बघायची. सुंगटं, म्हणजे कोलंबी, घरात यायची तेव्हा त्यांची डोकी ती एका झटक्यात मोडायची, नारळ दोन ठोक्यांत फोडायची. त्या लहान हातांत किती जोर आहे, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. एका सकाळी ती माझ्या केसांना तेल लावायला बसली तर मी डोकं दुखतंय म्हणून उठले. ती तेलाचा हात तसाच धरून बसून राहिली. मग तिने तो स्वतःच्या पायांना पुसला. आज लिहितानाही माझी मान खाली जाते.

शेवटी मी विचारलं. आम्ही पेज जेवत होतो, तोंडी लावायला आंब्याचं लोणचं. मासळी घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. बाबा बाहेर गेले होते.

"आये, तू ओढलेलंस काय गो तिचे पाय?"

तिने पेजेतला हात थांबवला. मला वाटलं आता फटका बसेल. ती म्हणाली, "तुका काय वाटता?"

मी ताटाकडे बघत बसले. तिने माझ्या ताटात लोणच्याची आणखी एक फोड वाढली आणि उठली.

काकीने ठरवलं की देवीला विचारायचं. आमच्याकडे जे कोर्टात किंवा दवाखान्यात मिटत नाही ते देवळात नेतात. देवीच्या पाषाणाच्या दोन अंगांना गुरव भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, गावकर गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडते की डावी, त्यावर निवाडा. रविवारी सकाळी आम्हाला बोलावणं आलं. डावा कौल पडला तर काय होणार हे बाबांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. या किनाऱ्यावर कुठलं घर आईला उंबऱ्यात घेणार नव्हतं आणि कुठली होडी त्यांना. दोडामार्गाकडे मामाच्या ओळखीने काजूच्या बागेत काम मिळेल, असं ते म्हणाले. सगळा जन्म समुद्रावर काढलेला माणूस काजूच्या बागेबद्दल बोलत होता.

देवळात निम्मी वाडी होती. रेखावहिनी रूपाला कडेवर घेऊन खांबाला टेकून उभी होती. पोरीला काय, ती माझ्याकडे बघून हसत होती. आई पुढे उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली. मी तिच्या मागे नाही, बाजूला उभी राहिले, मला गाभाऱ्यातलं सगळं दिसेल अशी. गुरवाने आंघोळ केलेल्या ओल्या अंगाने दोन पाकळ्या घेतल्या. डावी त्याने अंगठ्याने दाबून लावली. दाबली, परत दाबली. उजवी बोटाच्या टोकाने नुसती ठेवली. हे मी बघितलं, आणि माझ्या लगेच लक्षात आलं की याच गुरवाची लेक गेल्या वर्षी बाळंतपणात तापाने फणफणली होती तेव्हा आईने नऊ दिवस तिच्याजवळून हलायचं नाकारलं होतं.

गावकराने गाऱ्हाणं घातलं. "बा देवी माये, म्हाराजा! ही तुजी लेकरां आज तुज्या पायाकडे इली आसत. ह्या तांडेलाच्या नातीच्या पायाक जा काय झालां, ता जन्माचां आसात तर उजवो दी. कोणा माणसाच्या हातान झालां आसात तर डावो दी. खरां-खोटां तुका ठावक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पाकळीवरून पाण्याचा थेंब ओघळताना दिसला. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

काकी ओक्साबोक्शी रडली. तिने आईच्या पदरातून हात ओढून काढले, स्वतःच्या कपाळाला लावले, म्हणाली, "माजां चुकलां गो बाये. सुईणीवर इसवास ठेवूक नाय मी." बाबांना उद्याच होडीवर यायला सांगितलं. दुपारी घरी सुरमईच्या जाड तुकड्या आल्या. आईने तिरफळं घालून कालवण केलं. बाबा दोनदा भात मागून जेवले. आईने कालवण पानात घेतलं, पण तुकडीला हात लावला नाही. मी ताटं घासायला तिच्याजवळ बसले आणि मला राहवलं नाही. सगळं सुरळीत झालेलं असताना मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव.

"आये, गुरवान उजवी पाकळी चिकटवलीच नाय. नुसती ठेवल्यान."

"माका दिसलां," आई म्हणाली.

"मगे तू गप कित्याक रवलंस?"

"तुज्या बापसाक होडीर जावचां आसा."

तिने ताटं विसळली, उपडी घातली आणि अंगण झाडायला गेली. देवीने काही सांगितलं होतं की नाही, हा प्रश्न आम्ही दोघींनी पुन्हा कधी काढला नाही.

पुढच्या महिन्यात रूपाला गोव्यात प्लास्टर घालून आणलं. काकीने मोठ्या मानाने आईला बोलावणं धाडलं. मीही गेले. पोर पलंगावर उताणी होती, कमरेपासून दोन्ही घोट्यांपर्यंत पांढरं प्लास्टर, आणि पाय फाकलेले, मध्ये आडवी काठी बसवून तसेच धरलेले. बेडूक उताणा पडलाय असं वाटत होतं. बायका तोंडाला पदर लावून हळहळत होत्या. आई पुढे गेली, वाकली, त्या काठीला बोट लावलं.

"असां किती दिस?"

"तीन म्हयने," रेखावहिनी म्हणाली. "मगे परत दुसरां घालतले. डाक्टर म्हणता, पाय असे फाकलेले रवले तरच सांदो भितुर बसता. जवळ आणलां की परत भायर येता."

आई खाली बसली. म्हणजे बसायचं ठरवून बसली नाही, पलंगाची कड धरून खाली गेली. काकीला वाटलं, पोरीचे हाल बघवले नाहीत. तिने चहा टाकायला सांगितलं. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. घट्ट बांधलं की सांधा बसतो, या एका समजुतीवर तिने सव्वा महिना संपेपर्यंत, रोज, एक घडी जास्त घेऊन, गुडघ्याला गुडघा आवळला होता. आणि बोलली नव्हती. ती चहा न घेता उठली. वाटेने मी तिच्याजवळून चालले, तिचा हात धरावा असं मला फार वाटलं, पण मी धरला नाही.

त्यानंतर आई पुन्हा सगळीकडे जाऊ लागली, पण तिने एकाही पोराचे पाय बांधले नाहीत. नुसतं सैल फडक्यात ठेवायची. म्हाताऱ्या बोट घालून बघायच्या आणि कुरकुरायच्या. "सुईण आता आळस करता", "हिच्या हाताचो जोर गेलो." आई ऐकून घ्यायची. दोन-तीन घरांनी दुसरी सुईण बोलावली. तिने कुणाला कारण सांगितलं नाही. सांगायचं तर मग रूपाचंही सांगावं लागलं असतं. ती स्वतःला वाचवत होती की पोरांना, याचा मी तेव्हा फार विचार केला. आता वाटतं, दोन्ही असेल, आणि दोन्ही असायला तिला कोण नको म्हणणार होतं?

मी पुढे कुडाळला शिक्षिका झाले. एकदा एका हाडांच्या डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला गेले होते, तेव्हा दुसऱ्याच कुणाचं विचारल्यासारखं करून मी हे विचारलं. ते म्हणाले, असे सांधे बहुतेक जन्मतःच ढिले असतात, तेल लावणाऱ्या बाईने काही उपटलं नसेल. मला इतकं हलकं वाटलं, की मी उठलेच. मग ते म्हणाले, पण पाय सरळ आवळून बांधले तर जो आपोआप बसला असता तोही बिघडतो. मी पुन्हा खाली बसले. गावकराने देवीला उजवा की डावा एवढंच विचारलं होतं, आणि उत्तर दोन्हीकडे होतं. रूपा आता चाळिशीच्या पुढे आहे, मालवणात तिचं कपड्यांचं दुकान आहे, आणि पाऊस धरला की तिच्या चालण्यात थोडा झोल येतो. मी दुकानात गेले की ती स्टूल पुढे करते. मी तिच्याकडे फार वेळ थांबत नाही.

माझी मुलगी झाली ती कुडाळच्या एका खाजगी इस्पितळात. तिसऱ्या दिवशी आई एस्टीने आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तेलाची बाटली पिशवीत तळाला होती, ती तिने आधी काढून खिडकीत ठेवली. मग न विचारता स्वयंपाकघरात गेली. ती गॅसच्या आचेवर हात धरून उभी होती. कोळसा नसल्यामुळे तिला ते जमत नव्हतं, पुन्हापुन्हा हात गालाला लावून बघत होती. दारातून मी ते बघितलं. पोर माझ्या खांद्यावर होती, आणि माझा हात आपोआप तिच्या डाव्या खुब्यावर गेला.

"आये," मी म्हणाले, "डॉक्टरांनी तेल लावू नको म्हणून सांगितलंय. हात लावायचाच नाही म्हणाले अजून."

घरात मी तिच्याशी मालवणी बोलायची. ते वाक्य मात्र माझ्या तोंडून शाळेतल्या भाषेत आलं. तिने गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही.

"बरां केल्यान डाक्टरान," ती म्हणाली. आणि जराशाने, नळाखाली हात धुताना, माझ्याकडे पाठ करून, "पाय मोकळे ठेव हां तिचे. कोण काय म्हणलां तरी बांधूक देव नको. माका तेव्हा कळलां नाय."

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं.

ती दीड महिना राहिली. माझं खाणंपिणं, दुपटी, धुणं, सगळं तिने केलं. वाडीत दोन पिढ्यांच्या पोरांना नडग्यांवर घेतलेली बाई माझ्या पोरीच्या पाळण्याजवळ हात मांडीत ठेवून बसायची. पोर रडायला लागली की ती वाकून बघायची आणि मला आतून हाक मारायची, "शालू, रडता गो ती." मी यायची, पोरीला उचलायची. ‘तूच घे गो आये’ एवढं म्हणायला काय लागत होतं? रोज म्हणायला जायची, आणि दीड महिन्यात एकदाही म्हटलं नाही.